रुळांची रुंदी कोणी लपवली? ड्रायव्हर एररचा छोटा इतिहास (थ्रेड)

१/
मूर्तिजापूर जंक्शन. अकोला आणि बडनेरा यांच्या मधले स्थानक. विसाव्या शतकात येथे दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. मुंबई-नागपूर मार्गाचे ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटरचे. यवतमाळ आणि अचलपूरकडून येणाऱ्या ‘शकुंतले’चे नॅरोगेज रूळ ७६२ मिलिमीटरचे. शकुंतलेचा डबा मुंबईच्या रुळांवर चढणे अशक्य. म्हणून मुंबईला जाणारी कापसाची गाठ लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. दोन्ही गाड्या धडधाकट, दोन्ही रूळ मजबूत. तरी मधला हमाल आला नाही तर माल जागचा हलत नसे.

२/
विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना, किंवा लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना, नेमकी हीच अवस्था होते. वाय-फायची यादी रिकामी दिसते. स्पीकर मुका होतो. पडदा काळा पडतो. कधी इन्स्टॉलर सरळ सांगतो की या यंत्रात डिस्कच नाही. वास्तविक डिस्क असते, वाय-फायची चिपही असते. गैरहजर असतो तो मधला हमाल. संगणकाच्या भाषेत त्याचे नाव ड्रायव्हर. वऱ्हाडात ड्रायव्हर म्हटले की एसटीचा चालक डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र तो एक छोटा प्रोग्रॅम आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची सर्वसाधारण आज्ञा एका विशिष्ट चिपला कळेल अशा संकेतांत उतरवणे, एवढेच त्याचे काम.

३/
या उपमेत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि हा सगळा इतिहास त्या फरकाचा आहे. मूर्तिजापूरला दोन्ही रुळांची रुंदी कोणालाही टेपने मोजता येत होती. संगणकात चिपचे ‘माप’ म्हणजे तिची तांत्रिक कागदपत्रे. ती देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर राहिले. म्हणून ड्रायव्हर एरर हा बहुधा यंत्राचा दोष नसतो आणि वापरणाऱ्याचा अडाणीपणाही नसतो. कधीतरी, कोणीतरी, काही कारणाने घेतलेल्या निर्णयाचा तो उशिरा पोचलेला परिणाम असतो. त्यामुळे एररचा संदेश इतिहासाच्या साधनासारखा वाचता येतो.

४/
आरंभी हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील चमूने तो संस्थेतच बांधला होता. यंत्र जोडणारे आणि त्यावर काम करणारे एकाच छताखाली. कोणत्या तारेतून कोणता संकेत जातो हे विचारायला शेजारच्या खोलीत जाणे पुरेसे होते. हमाल लागत नव्हता असे नाही. पण दोन्हीकडचे रूळ एकाच घरचे होते.

५/
यंत्रे विकत मिळू लागली तसा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये छापयंत्र आणि टेप हाताळण्याच्या सूचना पुन्हा पुन्हा लिहाव्या लागत. १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन ग्राहक कंपन्यांनी आयबीएमच्या ७०४ यंत्रासाठी या सूचनांचा सामाईक संच तयार केला. पुढे १९६४ साली आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ जाहीर केली: लहानमोठ्या अनेक यंत्रांची एकच मालिका, आणि उपकरणे जोडण्याची एकच ठरलेली रीत. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे.

६/
१९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’चे काम सुरू केले. युनिक्सची कल्पना साधी होती: छापयंत्र, टेप, डिस्क, सारी उपकरणे प्रोग्रॅमला फायलींसारखी दिसावीत. लिहा म्हटले की लिहिले जाईल, वाचा म्हटले की वाचले जाईल. पलीकडे कोणते यंत्र आहे याची चिंता ड्रायव्हरने करावी. आजच्या लिनक्समधील ‘देव’ नावाची फायलींची निर्देशिका हा त्याच कल्पनेचा वारसा. हे ‘देव’ म्हणजे ‘डिव्हाइस’चे लघुरूप, अर्थात अडलेल्या क्षणी लोक दुसऱ्याही अर्थाने देवाचे नाव घेतातच.

७/
खरे वळण आले ते १९८१ साली. १२ ऑगस्टला आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याची तांत्रिक पुस्तिका विकत मिळत असे आणि तिच्यात बायोसचा पूर्ण मजकूर छापलेला होता. मोजमाप उघडे असल्याने शेकडो कंपन्या पीसीला जोडायची कार्डे बनवू लागल्या. मार्च १९८३ मध्ये डॉस २.० आले. त्यात ‘कॉन्फिग.सिस’ या फाइलमध्ये एक ओळ लिहून बाहेरचा ड्रायव्हर चढवण्याची सोय होती. आता कार्ड बनवणारी कंपनीच सोबतच्या फ्लॉपीवर ड्रायव्हर देऊ लागली.

८/
सोय उत्तम होती, पण तिने एक जबाबदारी कायमची हलवली. ड्रायव्हर कोणी लिहायचा? उपकरण विकणाऱ्याने. कोणत्या सिस्टीमसाठी? जिचे ग्राहक सर्वाधिक, तिच्यासाठी. इतरांसाठी वेगळा खर्च करण्यात कंपनीला फायदा नव्हता. यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. हिशेब सरळ व्यापाराचा आहे. दुसऱ्या सिस्टीमची अडचण जन्मली ती या हिशेबातून. पहिली सिस्टीम लॅपटॉपसोबत येते, तिचे हमाल कारखान्यातच नेमलेले असतात. दुसरी सिस्टीम नंतर येते आणि आपले हमाल आपणच शोधते.

९/
कागदपत्रे नाकारली की काय होते याची प्रसिद्ध घटना १९८० च्या सुमाराची. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारणा केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांना संदेश जाई. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले होते. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आणि हे विद्यापीठ समवयस्क आहेत.

१०/
महाराष्ट्रातही याच प्रश्नाचा एक अध्याय घडला, आणि तो थेट मराठीशी निगडित आहे. डॉसच्या काळात पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम मोहन तांबे यांच्यासोबत पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तेथून ‘जिस्ट कार्ड’ बाहेर पडले. पीसीच्या आत हे कार्ड बसवले की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येही मराठी, हिंदी, तमिळ अक्षरे दिसू लागत. लिपीसाठी स्वतंत्र यंत्रभागच तयार करणे, हा त्या काळातील विलक्षण पराक्रम होता.

११/
पण जिस्ट कार्ड बांधलेले होते डॉसच्या अक्षरपडद्याशी. विंडोजचा चित्रमय पडदा आला आणि कार्डाची ती युक्ती निरुपयोगी ठरली. सी-डॅकला विंडोजसाठी निराळे सॉफ्टवेअर काढावे लागले. मधल्या काळात अनेक कंपन्यांनी आपापले मराठी फाँट काढले. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. सिस्टीम बदलली, आणि यंत्र तेच असूनही भाषा मुकी झाली. ड्रायव्हर एररचा यापेक्षा बोलका मराठी दाखला मिळणे कठीण.

१२/
त्यावरचा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो पुढे पुन्हा भेटतो. भारतीय मानक ‘इस्की’ने अक्षरांना ठरलेले क्रमांक दिले. १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फाँटसह युनिकोड देवनागरी आली. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ हे फाँट मुक्त परवान्याखाली दिले. क्रमांक जाहीर झाले आणि लिपी एका सिस्टीमची बंदी राहिली नाही. आज दुसरी सिस्टीम टाकल्यावर वाय-फाय रुसेल, पण मराठी वाचता येईल. त्यामागे उघड मानकाची पुण्याई आहे.

१३/
२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. ती त्याच्या स्वतःच्या ३८६ पीसीवर आणि त्यातील डिस्कच्या प्रकारावरच चालत होती. इतर यंत्रांवर ती कधी चालेल याची त्याला फारशी आशाही नव्हती. म्हणजे लिनक्सच्या पाळण्यातच ड्रायव्हरची उणीव होती. ती भरून निघाली ती परक्या माणसांच्या श्रमाने: ज्याच्याकडे जे कार्ड, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला आणि सर्वांना दिला.

१४/
१९९२ साली इंटेलने ‘पीसीआय’ ही जोडणीची पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख सांगते: एक क्रमांक कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६. १९७८ च्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे तेच नाव. ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. प्रत्येक ड्रायव्हरकडे आपण ओळखतो त्या क्रमांकांची यादी असते. लॅपटॉप नवा आणि लिनक्सची आवृत्ती जुनी असेल तर क्रमांक यादीत नसतो. चिप आपले नाव सांगत असते, पण ते नाव ओळखणारा कोणी नसतो. अशा वेळी अर्धा उपाय एकच: नवी आवृत्ती घेणे.

१५/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच दशकात ‘विनमोडेम’ आले. खऱ्या मोडेममधील महागडा भाग काढून त्याचे काम विंडोजमधल्या ड्रायव्हरवर टाकलेले. त्यामुळे किंमत कमी. लिनक्समध्ये असा मोडेम म्हणजे निर्जीव पट्टी. भारतात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी घरोघर पोचत होत्या, २००५ पासून काही वर्षे उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट येत होत्या. सिस्टीम फुकट मिळे. ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच मात्र सुटत नसे.

१६/
लॅपटॉपच्या युगात तो पेच वाय-फायवर येऊन बसला. ब्रॉडकॉमच्या चिप अनेक लॅपटॉपमध्ये होत्या आणि कागदपत्रे कोणालाच मिळत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. पहिल्या गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते याचे शब्दांत वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही भिंत. २००६ साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य प्रवाहात दाखल झाला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपसाठी स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला.

१७/
हे काम इतिहासाच्या अभ्यासकाला परके वाटू नये. मूळ दस्तऐवज बंद दप्तरात आहे. मग उरलेल्या खुणांवरून, वर्तनावरून, परिणामांवरून सत्य उभे करायचे. एनव्हिडियाच्या चित्रचिपसाठी ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर असाच घडला. पुढे कंपनीने चिपच्या आतल्या फर्मवेअरला सहीची अट घातली आणि नूव्होची वाट अरुंद झाली. त्या अटीच्या आधीच, २०१२ साली, फिनलंडमधील एका कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कंपनीविषयी जाहीरपणे अपशब्द वापरला होता, तो तिच्या असहकाराच्या संतापातून. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने नव्या पिढीच्या चिपसाठी कर्नेलमधील ड्रायव्हरचा मजकूर खुला केला. जुन्या चिप त्याबाहेर राहिल्या. लिनक्स टाकताना पडदा काळा पडला तर त्यामागे हा तपशील असू शकतो; तात्पुरता उपाय म्हणून बूटच्या वेळी ‘नोमोडसेट’ हा पर्याय द्यावा लागतो.

१८/
ही केवळ लिनक्सची कर्मकथा आहे असा समज करून घेऊ नये. २००१ चे विंडोज एक्सपी सॅटा डिस्कच्या नव्या एएचसीआय पद्धतीला ओळखत नव्हते. इन्स्टॉल करताना एफ६ दाबून फ्लॉपीतला ड्रायव्हर द्यावा लागे, आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी हद्दपार झाली होती. २०१५ नंतरच्या इंटेल यंत्रांवर विंडोज ७ टाकताना कीबोर्ड आणि माऊसच बंद पडत, कारण त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नव्हता. येथे कंपनी एकच, सिस्टीम एकाच घराण्यातली. तरीही काळाचे अंतर आडवे आले. नंतर आलेल्या चिपची ओळख आधी लिहिलेल्या सिस्टीमला असणार कोठून?

१९/
आजचे त्याचे रूप असे: इंटेलच्या ११ व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या थरामागे असते. विंडोजचा कोरा इन्स्टॉलर म्हणतो की डिस्क सापडत नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की डिस्क प्रकटते. काही यंत्रांत लिनक्सचा इन्स्टॉलरही हा थर बंद करून एएचसीआय निवडायला सांगतो. पण आधीचे विंडोज राखायचे असेल तर ही कळ एकदम फिरवू नये. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग सेटिंग बदलावे, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यावे आणि नंतर सूचना काढून घ्यावी. अन्यथा आहे ती सिस्टीमही उघडत नाही.

२०/
आता वऱ्हाडच्या इतिहासातील एक करार आठवावा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०२ साली हा प्रदेश वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा. २०१२ साली विंडोज ८ सोबत आलेल्या ‘सिक्युअर बूट’ने लॅपटॉपच्या बाबतीत असाच प्रश्न निर्माण केला. यंत्र सुरू होताना सही असलेलाच प्रोग्रॅम चालेल. आणि पीसींमध्ये कारखान्यातून येणारी ओळखीची सही मुख्यतः मायक्रोसॉफ्टची. मालकी ग्राहकाची, दारावरची नोंदवही दुसऱ्याची.

२१/
हेतू वाईट नव्हता: सिस्टीमच्या आधी शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमना अडवणे. मार्गही निघाला. मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सहीने चालतो आणि पुढे लिनक्सला आत घेतो. मालकाला स्वतःची किल्लीही नोंदवता येते. एनव्हिडियाचा किंवा रिअलटेकचा बाहेरून घेतलेला ड्रायव्हर बसवताना इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तो या किल्लीच्या नोंदणीचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ निवडले की किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर नाकारला जातो. वऱ्हाडच्या करारापेक्षा हा करार बरा: बहुतेक पीसींवर मालकाला तो रद्दही करता येतो.

२२/
तथापि शेजाऱ्याच्या निर्णयाचा फटका बसतोच. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित शिमना मनाई केली. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असे आधी सांगितले होते. प्रत्यक्षात अनेक लॅपटॉपवरचे लिनक्स सुरू होईनासे झाले. वापरणाऱ्याने काही बदलले नव्हते. असेच ‘फास्ट स्टार्टअप’चे. विंडोज ८ पासून यंत्र बंद केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून विंडोजचे विभाजन लिहिता येत नाही आणि कधी वाय-फायचे कार्डही जागे होत नाही. ही सोय बंद करणे हा साधा इलाज.

२३/
घड्याळाचा घोळ तर खास भारतीय आकड्यात दिसतो. लिनक्सवरून विंडोजमध्ये परतले की वेळ साडेपाच तास मागे. डॉसला कालविभागाची कल्पनाच नव्हती. घड्याळात स्थानिक वेळ ठेवण्याची ती सवय विंडोजने चालवली. युनिक्सच्या घराण्यात मात्र घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवून साडेपाच तास नंतर मिळवतात. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे, पण कुळ तेच: एकाच वस्तूविषयी दोन परंपरा. वेळ चुकली की संकेतस्थळांची सुरक्षापत्रे अवैध ठरतात आणि लोक वाय-फायला दोष देतात.

२४/
या इतिहासावरून तपासाची पद्धत आपोआप ठरते. पहिले: सिस्टीम बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि झोपून उठणे पाहावे. दुसरे: उपकरणाचा क्रमांक मिळवावा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ पर्यायासह दिली की क्रमांक आणि वापरात असलेला ड्रायव्हर दोन्ही दिसतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळ्या खुणेच्या उपकरणाच्या ‘हार्डवेअर आयडी’त तेच क्रमांक असतात. लॅपटॉपच्या नावावरून शोधू नये. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिप निघतात. क्रमांकाने शोधावे.

२५/
तिसरे: ड्रायव्हरचे नावच दिसत नसेल तर ओळख नाही, आवृत्ती नवी घ्यावी किंवा ड्रायव्हर वेगळा बसवावा. नाव दिसते पण काम होत नाही, तर ‘डीमेसेज’च्या नोंदीत ‘फर्मवेअर’ शब्द शोधावा. फर्मवेअर म्हणजे चिपमध्ये दर वेळी भरावा लागणारा तिचा स्वतःचा प्रोग्रॅम. तो बहुधा बंद परवान्याचा असतो, म्हणून डेबियनसारखा तत्त्वनिष्ठ प्रकल्प तो आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ साली सभासदांनी मतदान करून तो घ्यायचे ठरवले. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तो आला. तत्त्व मोडले की विद्यार्थ्याचे वाय-फाय चालले? दोन्ही बाजूंनी आजही प्रामाणिक लोक आहेत.

२६/
चौथे: इंटरनेटच नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करावे, त्याला लागणारा सामान्य ड्रायव्हर बहुतेक सिस्टीममध्ये आधीच असतो. १९९५ चा पेच असा एका केबलने सुटतो. पाचवे, आणि सर्वांत आधी करण्याचे: आपल्या फायलींची प्रत बाहेर ठेवावी आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकते. ती नसेल तर कोणताही ड्रायव्हर त्या फायली परत देणार नाही.

२७/
या साऱ्याचे आज महत्त्व का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे, पण उत्तम चालणारे लॅपटॉप अमरावती-अकोल्यातील वसतिगृहांत, महाविद्यालयांत, घरांत आहेत. दुसरी सिस्टीम ही त्यांच्यासाठी हौस राहिली नाही. यंत्र वाचवण्याचा तो मार्ग आहे. जुन्या यंत्राचा येथे एक फायदाही असतो: त्याच्या चिपची ओळख पटवायला जगाला पुरेशी वर्षे मिळालेली असतात.

२८/
म्हणून एरर दिसली की लॅपटॉप भंगारात काढण्याआधी आणि स्वतःला अडाणी ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही चिप कोणाची? तिचे माप जाहीर आहे का? आणि ते ज्याने शोधून काढले, त्याने ते कोठे लिहून ठेवले आहे? बहुतेक वेळा उत्तर सापडते, कारण कोणीतरी अनोळखी माणूस आधी तिथवर पोचलेला असतो. आपल्याला सापडलेला उपाय चिपच्या क्रमांकासह मराठीत लिहून ठेवला, तर पुढच्यासाठी आपणही तो अनोळखी माणूस होतो.

(समाप्त)